कचऱ्याचा डबा आणि उचलणारा हात

कचऱ्याचा डबा हे एक यंत्र आहे असे कुणी म्हटले, तर पुष्कळांना हसू येईल. डब्याला ना इंजिन, ना दातेरी चाके, ना विजेच्या तारा. तो बिचारा कोपऱ्यात उभा असतो आणि आपण त्यात केळ्याची साल टाकतो. पण शहराचा कचरा उचलण्याचे काम माणसाच्या हातून काढून यंत्राकडे द्यायचे ठरले, की पहिली अडचण गाडीची नसते, डब्याची असते. गाडीवरच्या लोखंडी हाताला तो डबा न चुकता धरता आला पाहिजे, उचलता आला पाहिजे, उलटा करता आला पाहिजे आणि पुन्हा जागच्या जागी सरळ उभा करता आला पाहिजे. हे सारे काही सेकंदांत व्हायला हवे. म्हणजे निम्मे यंत्र गाडीवर आणि निम्मे यंत्र तुमच्या दाराशी, असा हा प्रकार आहे. दोन्ही अर्ध्या भागांचे जमले नाही, तर मधली फट शेवटी माणसालाच भरून काढावी लागते.

ही फट किती मोठी असू शकते हे पाहायचे असेल, तर आपल्या मराठवाड्यातल्या गावांत चौकाचौकांतून दिसणारी सिमेंटची गोल कुंडी आठवा. विहिरीला घालतात तसले हे सिमेंटचे कडे. त्याला तळ नसतो. समजा, कड्याची उंची १ मीटर, सरासरी व्यास १ मीटर आणि जाडी साडेसात सेंटिमीटर आहे. परीघ सुमारे ३.१४ मीटर, म्हणून काँक्रीटचे घनफळ ३.१४ × १ × ०.०७५, म्हणजे जवळजवळ ०.२४ घनमीटर भरते. काँक्रीटची घनता घनमीटरला २४०० किलोग्रॅम धरली, तर नुसत्या रिकाम्या कुंडीचे वजन साडेपाचशे किलोग्रॅमच्या पुढे जाते. ती कुणी पळवून नेत नाही, वाऱ्याने पडत नाही, गुरांनी ढुशी दिली तरी हलत नाही. आणि नेमक्या याच गुणांमुळे ती उचलून रिकामी करता येत नाही. मग सफाई कामगाराने आत वाकायचे, फावड्याने कचरा टोपलीत भरायचा, टोपली डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ओतायची. कुंडी बनवणाऱ्याने कचरा टाकणाऱ्याचा विचार केला होता; काढणाऱ्याचा केला नव्हता.

डब्याचा इतिहास तसा फार जुना नाही. पॅरिस शहराच्या परिसराचा कारभार पाहणारे एक अधिकारी होते, अयझेन पूबेल. त्यांनी १८८३ च्या नोव्हेंबरात हुकूम काढला, की प्रत्येक घरमालकाने झाकणाचे डबे ठेवावेत आणि कचरा रस्त्यावर न फेकता त्यांत घालावा. १८८४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. हुकुमात तीन निरनिराळे डबे सांगितले होते : एक कुजणाऱ्या कचऱ्यासाठी, एक कागद व चिंध्यांसाठी आणि एक काचा, फुटकी भांडी व कालवांच्या शिंपल्यांसाठी. लोकांना हे मुळीच आवडले नाही. कचऱ्यातून चिंध्या वेचून पोट भरणाऱ्यांनीही मोठा विरोध केला, कारण उघड्या ढिगातले त्यांचे उत्पन्न बंद डब्यात जाणार होते. पूबेलसाहेबांचे नाव मात्र अजरामर झाले. फ्रेंच भाषेत आजही कचऱ्याच्या डब्याला ‘पूबेल’च म्हणतात! आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे ठेवायला सांगितले, तेव्हा ही कल्पना १३० वर्षांची झाली होती.

यंत्राला उचलता येईल असा डबा यायला मात्र आणखी पन्नास वर्षे गेली. अमेरिकेतील नॉक्सव्हिल या गावी जॉर्ज डेम्पस्टर नावाचे बांधकाम कंत्राटदार होते. माल भरायला गाडी उभी करून ठेवावी लागते, तेवढा वेळ गाडी आणि चालक दोघेही बसून राहतात, हे त्यांना खटकत असे. त्यांनी पेटी गाडीपासून वेगळी केली. पेटी भरत राहील तेवढ्या वेळात गाडी दुसरी पेटी घेऊन येईल, अशी ती युक्ती. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी या पद्धतीचे हक्क नोंदवले आणि स्वतःच्या आडनावाला जोड देऊन तिला ‘डम्पस्टर’ नाव दिले. आपल्याकडच्या शहरांत ‘डंपर प्लेसर’ नावाची गाडी दिसते, ती याच कुळातली. तिच्या मागच्या बाजूला दोन जाड लोखंडी बाहू असतात. त्यांना साखळ्या लावून तीन-चार घनमीटरची लोखंडी पेटी उचलतात आणि गाडीच्या पाठीवर ठेवतात.

एवढी पेटी उचलणारे बळ येते कोठून? नववी-दहावीत शिकलेला पास्कलचा नियम येथे रस्त्यावर काम करताना दिसतो. तेलाच्या पंपाने दाब निर्माण केला, की तो नळीतून दट्ट्यापर्यंत कमी न होता पोहोचतो. समजा, दाब चौरस सेंटिमीटरला १५०० न्यूटन आहे. दट्ट्याचा व्यास १० सेंटिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर होते. गुणाकार करा. जवळजवळ १,१८,००० न्यूटन, म्हणजे १२ टन वजनाइतके बळ मिळाले! अर्थात दट्ट्या बाहूच्या सांध्याजवळ जोडलेला असतो आणि पेटी लांब टोकाला लटकते. त्यामुळे तरफेच्या नियमाने यातला बराच भाग खर्ची पडतो. तरी तीन टनांची पेटी उचलायला उरते ते पुरेसे असते.

चाकांचा डबा

आता या विषयातल्या सर्वांत हुशार डब्याकडे वळू. दोन चाकांचा, झाकणाचा, २४० लिटरचा प्लॅस्टिकचा डबा तुम्ही हॉस्पिटलच्या आवारात किंवा रेल्वे स्टेशनवर पाहिला असेल. उंची एक मीटरहून किंचित जास्त, मागच्या बाजूला दांडा, तळाशी सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची दोन चाके. दिसायला साधा, पण त्याची एकही रेषा उगीच नाही.

तोंडाकडे रुंद आणि तळाकडे निमुळता असा त्याचा आकार पाहा. त्याचे तीन फायदे आहेत. साच्यातून काढताना डबा अडकत नाही. रिकामे डबे एकात एक बसतात, त्यामुळे ते वाहून नेताना ट्रकभर हवा वाहून न्यावी लागत नाही. आणि उलटा केल्यावर आतला ओला कचरा भिंतींना धरून न बसता खाली घसरतो. कोपरे गोल असण्याचे कारणही हेच. चौकोनी डब्याच्या कोपऱ्यात भाजीचा लगदा कसा बसतो, हे घरचा डबा धुणाऱ्याला विचारा. झाकण मागच्या बिजागरीवर सैल लटकलेले असते; डबा उलटा झाला की ते स्वतःच्याच वजनाने उघडते आणि सरळ झाला की मिटते. त्याला वेगळी कळ नाही, स्प्रिंग नाही. गुरुत्वाकर्षण फुकट मिळते, ते वापरले आहे.

डब्याच्या पुढच्या काठाला खाली वळलेला एक जाड ओठ असतो. गाडीच्या मागे मोठ्या फणीसारखी लोखंडी पट्टी असते. कामगार डबा ढकलत आणून गाडीला टेकवतो. फणीचे दात ओठाखाली शिरतात, डबा वर जातो, उलटतो, दोनदा आपटला जातो आणि खाली येतो. कोणत्याही कारखान्याचा डबा कोणत्याही गाडीच्या फणीत बसावा, म्हणून युरोपात या डब्यांसाठी ‘ईएन ८४०’ हे मानक ठरवलेले आहे. ओठाची जागा, उंची, चाके, भार सारे त्यात येते. नटबोल्टांच्या आट्यांसारखीच ही गोष्ट समजा. माप ठरलेले नसेल, तर उत्तम नट आणि उत्तम बोल्ट दोन्ही निरुपयोगी.

शंभर किलोग्रॅमचा भरलेला डबा एक माणूस सहज ओढतो, त्याचे रहस्य गुरुत्वमध्यात आहे. डबा आपल्याकडे कलता केला, की गुरुत्वमध्य चाकांच्या आसाकडे सरकू लागतो. तो आसाच्या बरोबर वर आला, की सारे वजन चाकांवर जाते आणि हाताला जवळजवळ काहीच भार लागत नाही. समजा, थोडे जास्त कलते झाले आणि गुरुत्वमध्य आसापासून १० सेंटिमीटर माणसाच्या बाजूला आला. दांडा आसापासून आडव्या अंतराने ७० सेंटिमीटरवर असेल, तर हातावर १०० × १० ÷ ७०, म्हणजे सुमारे १४ किलोग्रॅम वजन येईल. बारदान लादलेल्या हातगाडीचा तोल जो हमाल साधतो, त्याला हे गणित न शिकवता येते.

पण रस्ता सपाट हवा. वाटेत २ सेंटिमीटर उंचीची कड आली, तर १० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला ती चढण्यासाठी आसाशी आडवे बळ लावावे लागते, ते चाकावरच्या वजनाच्या पाऊणपट असते. (बळ व वजन यांची आघूर्णे कडेच्या टोकाभोवती मांडून पाहा, कागदावर अवघ्या चार ओळींचे काम आहे.) म्हणजे १०० किलोग्रॅमसाठी ७५ किलोग्रॅम वजनाइतके बळ! त्रिज्या दुप्पट केली तर तेच निम्म्याहून थोडे कमी होते. बैलगाडीची चाके मोठी का, याचे उत्तर यातच आहे. परभणीच्या काळ्या मातीवर रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो आणि दोन वर्षांत त्याला लाटा येतात. त्या रस्त्यावर युरोपातला छोट्या चाकांचा डबा ओढून पाहिला, की निम्म्या यंत्राला रस्ता हा तिसरा भाग असतो हे ध्यानात येते.

यापुढची पायरी अमेरिकेने गाठली. ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल शहरात १९६९ मध्ये अशी गाडी रस्त्यावर आली, की चालकाने जागेवरून उठायचेच नाही. गाडीच्या कडेचा लोखंडी हात पुढे येऊन डब्याला मिठी मारतो आणि उचलतो. गाडी इतकी अवाढव्य आणि विचित्र दिसे, की तिला चित्रपटातल्या राक्षसाचे ‘गॉडझिला’ हे नाव पडले. आज तिकडे ही पद्धत सर्रास आहे. परंतु तिच्या अटी पाहा. डबा रस्त्याच्या कडेला, तोंड ठरावीक दिशेला, शेजारच्या डब्यापासून अंतर राखून उभा हवा. मध्ये उभी मोटार नको, विजेचा खांब नको, वर लोंबती तार नको. आमच्याकडच्या जुन्या गल्ल्यांत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला ओट्यावर चढावे लागते! शिवाय एखादी म्हैस डब्याला टेकून उभी असली तर लोखंडी हाताने काय करावे, याचा विचार ॲरिझोनात कुणाला करावा लागला नसणार.

हवा दाबता येते, पाणी नाही

गल्ल्या, खांब आणि म्हशी यांच्यातून वाट काढता येईल. खरी अडचण डब्याच्या आत आहे, आणि ती घनतेची आहे.

वर सांगितलेल्या युरोपीय मानकात डब्याचा भार ठरवताना लिटरला ०.४ किलोग्रॅम हे प्रमाण धरलेले आहे. २४० लिटरच्या डब्यात ९६ किलोग्रॅम, ११०० लिटरच्या चार चाकी डब्यात ४४० किलोग्रॅम. तिकडच्या कचऱ्याला ही मर्यादा ऐसपैस होते, कारण त्यात खोकी, बाटल्या, वेष्टने यांचा भरणा जास्त. अमेरिकेतील सैल घरगुती कचऱ्याची घनता घनमीटरला १०० ते २०० किलोग्रॅमच्या आसपास असते. आपल्याकडे भाजीची देठे, फळांच्या साली, खरकटे, चहाचा चोथा, वर झाडलोटीची माती. घनता ४०० ते ६०० पर्यंत जाते आणि वजनाचा निम्म्याच्या आसपासचा भाग नुसते पाणी असते. म्हणजे तोच २४० लिटरचा डबा आपण काठोकाठ भरला, तर त्यात १२० किलोग्रॅम किंवा त्याहूनही जास्त माल बसतो. मग आस वाकतो, ओठ तडकतो, झाकणाची बिजागरी तुटते. आणि लोक म्हणतात, माल हलका होता! माल हलका नव्हता. कचरा जड होता.

कचरा दाबून भरणाऱ्या ज्या मोठ्या गाड्या असतात, कॉम्पॅक्टर म्हणतात त्यांना, त्यांचीही गोष्ट अशीच आहे. त्यांच्या पाठीत एक लोखंडी फळी असते आणि ती द्रवदाबाने कचरा आत चेपते. चेपून किती फायदा होईल ते आपण काढू. आपल्याकडचा एक घनमीटर कचरा घ्या. वजन ५०० किलोग्रॅम धरू. त्यात २५० किलोग्रॅम पाणी आहे, म्हणजे पाव घनमीटर जागा पाण्याने घेतली. उरलेल्या २५० किलोग्रॅम घन पदार्थांनी साधारण तेवढीच जागा घेतली असे धरले, तर उरला अर्धा घनमीटर. तेथे हवा आहे. दाबली जाते ती ही हवाच. घन पदार्थ आणि पाणी दाबून कमी होत नाहीत. तेव्हा सगळीच्या सगळी हवा काढून टाकली, तरी कचऱ्याचे घनफळ निम्म्याखाली जाणार नाही. प्रत्यक्षात सगळी हवा कधीच निघत नाही.

आता अमेरिकेचा एक घनमीटर. वजन १२५ किलोग्रॅम, त्यात पाव हिस्सा पाणी. पाणी आणि घन पदार्थ मिळून जेमतेम एक अष्टमांश घनमीटर जागा घेतील. बाकी सारी हवा. तेथे घनफळ तिपटी-चौपटीने कमी होणे सहज शक्य आहे. एका गाडीत चार गाड्यांचा माल! तिकडे हे यंत्र आपली किंमत वसूल करते. आपल्याकडे मात्र फळीचा दाब ओल्या लगद्यावर पडतो तेव्हा हवेबरोबर पाणीही वाट शोधते, आणि काळपट आंबूस पाण्याची धार गाडीमागे रस्त्यावर सांडत जाते. वास कशाचा येतो म्हणून नाक दाबणाऱ्यांनी पुढच्या वेळी घनतेचे सूत्र आठवावे. शिवाय एकदा ओले आणि सुके एकत्र चेपले, की कागद आणि पुठ्ठा वेचून विकण्याजोगा राहत नाही. पॅरिसच्या चिंध्यावेचकांची तक्रार येथे जशीच्या तशी लागू पडते. ज्यांची वस्तीच कचरा वेचण्यावर जगते, त्यांच्या हाती लगदा येतो.

याचा अर्थ कॉम्पॅक्टर वाईट असा नाही. सुका कचरा वेगळा असेल, तर तो आपल्याकडेही उत्तम चालेल. माझे म्हणणे एवढेच, की यंत्र विकत घेण्यापूर्वी कचरा तोलावा.

डबा केवढा असावा हेही कचराच ठरवतो. पश्चिमेकडे पुष्कळ ठिकाणी गाडी आठवड्यातून एकदा येते, म्हणून डबा २४० लिटरचा. आपल्याकडे माणशी रोज साधारण ३०० ते ४०० ग्रॅम कचरा धरला, तर पाच माणसांच्या घरात पावणेदोन किलोग्रॅम होईल. लिटरला ०.४५ किलोग्रॅमने हे झाले चार लिटर. साधी बादलीसुद्धा अर्धी रिकामी राहील. मग आठवडाभर साठवावा का? परभणीच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. त्या उष्णतेत जीवाणूंचे काम इतक्या झपाट्याने चालते, की दुसऱ्या दिवशीच डब्याजवळ उभे राहवत नाही. तेव्हा रोज उचलणे भाग आहे, आणि रोज उचलायचे तर चार लिटरसाठी लोखंडी हात पाठवणे म्हणजे मुंगीला ओढायला बैल जुंपण्यासारखे आहे.

घराघरांतला हा चार लिटरचा हिशेब शहराचा केला, की मात्र छाती दडपते. २०११ च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती. त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. माणशी एक तृतीयांश किलोग्रॅम धरले, तर त्या लोकसंख्येला रोजचा कचरा १०० टन होतो. घनमीटरला ४०० किलोग्रॅमने २५० घनमीटर. आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि चार मीटर उंच असा शाळेचा मोठा वर्ग छतापर्यंत भरेल, आणि तोही रोज. पाऊण टन माल नेणाऱ्या छोट्या गाड्यांनी तो हलवायचा तर १३३ खेपा लागतील. यातली प्रत्येक बादली कुणीतरी हाताने उचललेली असते.

घंटागाडीचा काठ

हा उचलणारा माणूस आपल्या शहरांत आता घंटागाडीवर असतो. रस्त्यावरच्या कुंड्या काढून टाकाव्यात, गाडीने घंटा वाजवत दारापर्यंत यावे आणि लोकांनी आपापली बादली आणून द्यावी, ही पद्धत नाशिकसारख्या शहरांनी लवकर अंगीकारली आणि पुढे ती राज्यभर पसरली. कुंडी गेली, उकिरडा गेला, हे फार चांगले झाले. पण गाडीकडे एकदा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. पुष्कळ गाड्यांच्या हौद्याचा काठ रस्त्यापासून दीड मीटर किंवा त्याहून वर असतो. प्रत्येक बादली तेवढी वर जाते, कारण काठ तेथे आहे.

दिवसाच्या दोन खेपा, म्हणजे दीड टन माल एका माणसाने दीड मीटर उचलला असे धरा. कार्य किती झाले? १५०० × ९.८ × १.५, म्हणजे सुमारे २२,००० ज्यूल. उष्मांकात सांगायचे तर पाच किलोकॅलरींच्या थोडे वर. एका ग्लुकोज बिस्किटात याच्या तिपटीहून जास्त ऊर्जा असते! मग हा माणूस दुपारी कमरेला हात लावून का बसतो? स्नायूंची कार्यक्षमता पाव हिस्साच असते, उचलताना स्वतःचे शरीरही वरखाली होते, हे खरे. पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. येथे कार्याचे सूत्र आपल्याला फसवते. कमरेला जे लागते ते कार्य नसून बळ आहे, आणि ते काढायला तरफ आठवावी लागते.

पाठीचा कणा ही तरफ, कमरेजवळचा मणका हा टेकू. पाठीचे स्नायू टेकूपासून फक्त ५ सेंटिमीटरवर ओढतात. दहा किलोग्रॅमची बादली हात लांब करून, टेकूपासून ४५ सेंटिमीटर पुढे धरली, तर तिचे आघूर्ण ९८ × ०.४५, म्हणजे ४४ न्यूटन-मीटर. ते तोलायला स्नायूंना ४४ ÷ ०.०५, म्हणजे ८८० न्यूटन बळ लावावे लागेल. दहा किलोग्रॅमच्या बादलीसाठी ९० किलोग्रॅम! वाकून उचलली, तर वरच्या शरीराचे वजनही या हिशेबात येते. ते ३५ किलोग्रॅम आणि टेकूपासून २५ सेंटिमीटरवर धरले, तर आणखी १७०० न्यूटनांची भर पडते. एकूण अडीच हजारांच्या वर, म्हणजे अडीच क्विंटलहून अधिक. हे सारे दोन मणक्यांमधल्या मऊ चकतीवर, दिवसातून दोनशे वेळा येते. तीच बादली अंगाजवळ, २० सेंटिमीटरवर धरली आणि वाकावे लागले नाही, तर स्नायूंना चारशे न्यूटनांखालीच भागते.

म्हणून माझ्या मते आपल्या शहरांसाठी डब्याचा प्रश्न आहे तो गाडीच्या काठाचा. हौद्याला कडेने कमरेच्या उंचीवर खिडकी ठेवता येते. घराघरांतून मोठ्या चाकांच्या गाडीवर शंभर-सव्वाशे लिटरच्या डब्यात माल गोळा करून, तो डबा फणीने उलटणारे छोटे उचलयंत्र घंटागाडीच्या मागे बसवता येते. अशी उचलयंत्रे लावलेल्या लहान गाड्या आपल्या देशात बनतातही. युरोपच्या डब्याची नक्कल न करता त्याच्या ओठाची आणि फणीची युक्ती तेवढी घ्यायची, आणि चाके मात्र बैलगाडीकडे पाहून ठरवायची.

पुण्यात याच्या जवळपासचे काही घडले आहे. तेथील कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करू लागली. ढकलगाडीवर ओल्या-सुक्याच्या वेगळ्या बादल्या ठेवून या बाया घरोघर जातात आणि सुक्यातले विकाऊ वेगळे काढतात. काच कोणती, पत्रा कोणता, कोणते प्लॅस्टिक विकले जाते, हे त्यांच्या बोटांना कळते. लोखंडी हाताला डबा उलटता येतो. डब्यात काय आहे ते त्याला कळत नाही.

दुसऱ्या टोकाची पद्धतही आहे, तीत गाडीच नसते. स्वीडनमध्ये १९६१ साली एका इस्पितळात कचरा हवेने नळीतून ओढून नेण्याची व्यवस्था झाली आणि पुढे ती वसाहतींत पसरली. न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट बेटावर ती १९७५ पासून आहे, आपल्याकडे गुजरातेत गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत आहे. भिंतीतल्या झडपेत पिशवी टाकायची. तासाला ७० किलोमीटरच्या आसपास वेगाने वाहणारी हवा ती जमिनीखालून ओढून नेते. नवे शहर वसवताना नळ घालता येतात. जुन्या गावात ते घालायचे म्हणजे गाव उकरावे लागेल. आणि नारळाची करवंटी वाकणात अडकली, की काढायला पुन्हा माणूसच लागेल.

काही शहरांत डब्याच्या झाकणाखाली ध्वनीचे यंत्र बसवतात. ते न ऐकू येणारा आवाज सोडते आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून डबा किती भरला ते कळवते. कचरा एक मीटर खाली असेल तर ध्वनीला जायला-यायला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. परभणीच्या थंडीत हवा १० अंशांवर असते तेव्हा ध्वनीचा वेग सेकंदाला ३३७ मीटर, मे महिन्यातल्या ४२ अंशांवर ३५६ मीटर. तेवढ्याने एक मीटरच्या मापात पाच-सहा सेंटिमीटरचा फरक पडेल. डब्यासाठी तो चालतो.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेतल्या दोन बादल्या घ्या. एकीत डबा खाल्ल्यानंतरचे खरकटे व साली, दुसरीत कागद व वेष्टने, न दाबता काठोकाठ भरू द्या. स्प्रिंगच्या काट्यावर दोन्ही तोला, रिकाम्या बादलीचे वजन वजा करा आणि बादलीत किती लिटर पाणी मावते ते मोजून घनता काढा. मग एक लाकडी फळी आत ठेवून तिच्यावर एका मुलाला उभे करा आणि पातळी किती खाली गेली ते पट्टीने मोजा. ओल्या बादलीसाठी फळीला भोके पाडा व प्रयोग मैदानात करा, कारण पाणी वर येईल. दोन्ही आकडे फळ्यावर ०.४ च्या शेजारी लिहा. शेवटी दाराशी घंटागाडी थांबते तेव्हा मीटरपट्टी घेऊन बाहेर जा, कामगारांची परवानगी घेऊन हौद्याच्या काठाची उंची मोजा आणि बादली काठावर जाताना त्यांच्या कमरेपासून किती पुढे असते त्याचा अंदाज घ्या.